पाण्याला दम खायला जागा

श्रावण लागला की मी स्वयंपाकघराच्या दाराला भरती-ओहोटीचं कोष्टक चिकटवते. झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणलेला साधा कागद. वार, भरतीची वेळ, पाण्याची उंची. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागचे दिवस मी लाल पेनाने अधोरेखित करते. समोरच्या बिऱ्हाडातल्या वहिनींना वाटतं, मी उपासांची यादी लावली आहे. मी त्यांचा समज दूर केलेला नाही. पनवेलच्या जुन्या भागात तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या, लोकांच्या घरांचे नकाशे काढून पोट भरणाऱ्या बाईला समुद्राच्या भरतीशी काय देणंघेणं, हे समजावून सांगायला फार मागे जावं लागेल.

या महिन्यात मला बसवत नाही. भाजी चिरता चिरता उठते, गॅलरीत जाते, प्रबळगडाचा डोंगर दिसतो का बघते. नाही दिसला की परत येऊन कागद बघते. नुसता पाऊस चालतो. नुसतं उधाणही चालतं. दोघं एकाच वेळेला येणार असले, म्हणजे आभाळ ओतत असताना खाडीही फुगणार असली, की माझा हात कामावरून सुटतो. पंख्याचा आवाज नकोसा होतो. चहा उकळून आटतो. बाकीच्यांच्या श्रावणात ऊन येतं, जातं, मुली फुलं वेचतात, दूधवाला केळीची पानं आणून देतो. माझ्या श्रावणात एकच रविवार आहे आणि तो दरवर्षी नव्याने येतो.

तेव्हा मी खारघरला एका सल्लागार कार्यालयात नोकरीला होते. हुद्दा ड्राफ्ट्समन. बाई असले तरी ड्राफ्ट्समनच. इंजिनिअर हिशेब करत आणि मी संगणकावर रेघा ओढी. रस्ते, गटारं, पुलाखालच्या मोऱ्या, पावसाळी पाण्याचे नाले. सव्वीस वर्षं रेघा ओढल्यावर हाताला एक सवय लागते. वाकडं काही दिसलं की ते सरळ करावंसं वाटतं.

त्या वर्षी माघात आम्ही उरणच्या बाजूला, खाडीकाठच्या एका गावी मोजणीला गेलो होतो. गावाशेजारच्या खाजणात, खाऱ्या दलदलीत, भराव टाकून गोदामं उभी राहायची होती. गावाला वळसा घालून एक नाला खाडीला मिळत होता. उथळ, पसरट, दोन्ही अंगांना खारफुटी आणि झुडपं, मध्ये चिखलात बगळे. नकाशावर बघावं तर नुसती वाया गेलेली जागा. बाळाराम काका तिथेच भेटले. साठीचे, काळे, बारके, गुडघ्यापर्यंत खोचलेला टॉवेल. आयुष्य मिठागरात गेलेलं. मिठागर बंद पडलं तरी पाण्याकडे बघायची सवय सुटलेली नव्हती. त्यांच्या घरी हिराबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, आम्हाला घरापुढच्या वट्यावर बसवून तांदळाची भाकरी आणि सुकट वाढलं.

जेवताना काकांनी मला विचारलं, "मॅडम, हा नाला येवढा रुंद का हाय, तुमाला म्हाईत हाय?"

मोठ्या पावसासाठी, मी म्हटलं.

"पावसाला येवढा नको. उधानाला लागतो. भरती आली का खाडीचं पानी आत दाबतं. मंग पावसाचं पानी जाल कुठं? दोन-तीन तास त्याला थांबाला जागा पायजे. भरती उतरली का जातं आपलं आपन."

मी ते वहीत लिहून घेतलं. मी लिहीत असताना काका माझ्या पेनाकडे बघत होते, हे मला आठवतं. हिराबाईंनी स्वतःचा फोन नंबर मला दिला. काही लागलं तर करा म्हणाल्या, तुमचं घरच आहे.

कार्यालयात जो आराखडा ठरला त्यात नाला सरळ होता. काँक्रीटचा, आधीच्या निम्म्या रुंदीचा. उरलेल्या जागेत गोदामांचे दोन जादा भूखंड बसत होते. मी सरांना, म्हणजे आमच्या मुख्य इंजिनिअरना, काकांचं म्हणणं सांगितलं. सर वाईट माणूस नव्हते. त्यांनी ऐकून घेतलं. पावसाचा हिशेब त्यांनी दोनदा तपासला होता आणि वाहतं पाणी त्या रुंदीतून नक्की जात होतं. थांबलेल्या पाण्याचा हिशेब पुढच्या टप्प्यात करू, तेव्हा झडपा आणि पंपही येतील, तोवर एक टीप टाकून ठेवा, असं ते म्हणाले. मी टीप टाकली. शेवटची प्रत छापायच्या दिवशी कागदावर दाटी होत होती, म्हणून तीन-चार टिपा काढायच्या ठरल्या. त्यातली एक ही. कुणी मला तीच काढ म्हणालं नव्हतं. निवडली मी. कोपऱ्यातल्या चौकटीत 'आरेखन' या शब्दापुढे माझं नाव होतं, सुनंदा, आणि आडनावाचं आद्याक्षर.

ज्येष्ठ संपेपर्यंत भराव पडला आणि नाला सरळ झाला.

आमच्या घरात तेव्हा मी आणि माझे वडील, अशी दोघंच. त्यांना मी अण्णा म्हणायची. अण्णा सातारा भागातून तरुणपणी इकडे आले ते गवंडी म्हणून. नवी वसाहत उभी राहत होती, हाताला काम होतं. त्यांनी बांधलेल्या भिंती आजही खारघर-पनवेलमध्ये उभ्या असतील, कुठल्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं. सत्तरी ओलांडल्यावर गुडघे गेले आणि त्यांचा दिवस विहारात जाऊ लागला. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आमच्याकडे वर्षावास असतो. पूर्वी भिक्खू आठ-नऊ महिने गावोगाव फिरायचे, आणि पावसाळ्याचे तीन महिने एका जागी राहायचे, कारण चिखलातून चालताना कोवळं पीक आणि बारीक जीव पायाखाली चिरडतात. त्या दिवसांत आमच्या वस्तीतल्या विहारात रोज संध्याकाळी वाचन व्हायचं. पत्र्यावर पाऊस वाजत असायचा, वाचणाऱ्याचा आवाज त्यात बुडायचा, बायका ओल्या छत्र्या दाराशी उलट्या टांगून ठेवायच्या.

अण्णांना त्यातल्या उपदेशापेक्षा बांधकामाची चिंता जास्त. तीन महिने एका जागी राहायचं म्हणजे छप्पर पक्कं पाहिजे, ते घरी येऊन म्हणायचे. इतकी माणसं, इतका पाऊस, आणि पुढे आठ महिने थेंब नाही. पाणी साठवलं कुठं? गळती काढली कशी? आमच्या भंतेंनी, म्हणजे विहारात राहणाऱ्या भिक्खूंनी, एकदा त्यांना सांगितलं की बोरिवलीच्या जंगलात कान्हेरीला जाऊन बघा. तिथे शंभरावर लेणी आहेत, एकेकाळी ते एक गावच होतं. मग अण्णांनी ध्यासच घेतला. विहारातल्या मंडळींची एक मिनीबस ठरली. दिवस ठरला श्रावणी पौर्णिमेचा. त्या वर्षी ती रविवारी आली होती.

शनिवारी संध्याकाळी कार्यालयातून निघताना मी सहज भरतीचं कोष्टक उघडलं. उद्या दुपारी साडेबाराच्या सुमाराला उधाण होतं, वर्षातल्या मोठ्या उधाणांपैकी एक. हवामान खात्याचा अतिवृष्टीचा इशाराही आला होता. मी दोन्ही आकडे वाचले. वहीत हिराबाईंचा नंबर होता, वही पर्समध्ये होती.

फोन करून काय सांगायचं होतं? उद्या दुपारी घरात पाणी येऊ शकतं, सामान वर ठेवा, शेळ्या वरच्या आळीला बांधा. एवढंच. पण कसं कळलं, असं त्यांनी विचारलं असतं. मग नाला अरुंद झालाय हे सांगावं लागलं असतं, आणि कुणी केला हेही. शिवाय पाणी आलंच नाही तर उगाच घाबरवल्यासारखं होणार. सोमवारी सरांशी बोलू, असं ठरवून मी पर्सची चेन लावली. रात्री डब्यासाठी पुऱ्या तळल्या. नीट झोप लागली, हे लिहिताना आजही लाज वाटते.

कान्हेरीला पोहोचलो तेव्हा पाऊस असा लागला होता की समोरचा डोंगर दिसत नव्हता, फक्त त्याचा आवाज येत होता. मधल्या घळीतून पांढरंशुभ्र पाणी उड्या मारत खाली जात होतं. सहलीला आलेली पोरं त्यात ओरडत होती. अण्णांनी त्या पाण्याकडे एकदा बघितलं आणि पाठ फिरवली. हे वाया चाललेलं, म्हणाले, आपण ठेवलेलं बघू. गुडघ्यांना पट्टे बांधून, माझ्या खांद्यावर हात टाकून ते कातळात खोदलेल्या पायऱ्या चढू लागले.

पुढचे दोन तास मी त्यांच्या डोळ्यांनी बघितले. लेण्यांच्या माथ्यावर कातळात बोटभर, वीतभर खोलीच्या पन्हाळी खोदलेल्या होत्या. डोंगरावरून आलेलं पाणी लेण्याच्या कपाळावरून खाली न सांडता त्यातून बाजूला जात होतं. जवळजवळ प्रत्येक लेण्याला लागून पाण्याचं टाकं. तोंड लहान, पोट मोठं. ऊन आत जाऊ नये म्हणून, अण्णा म्हणाले, नाहीतर वैशाखात अर्धं पाणी आभाळ पिणार. आमचे भंते म्हणाले, इथल्या शिलालेखांत या टाक्यांना पोढी म्हटलंय. कल्याण, सोपारा, चौलपर्यंतच्या माणसांनी इथे दानं दिली आहेत, आणि कितीकांनी दिली ती पाण्याची पोढी. अण्णांनी तो शब्द दोनदा म्हणून बघितला. लेण्यांच्या दर्शनी भागावर भोकं होती. तिथे लाकडं बसवून पावसाळ्यात पुढे मांडव घालत असणार, त्यांनी ओळखलं. आधी ओसरी, तिला खांब, मग आतली खोली. झड आली तरी ओसरीतच मरते. आत दगडी ओटा कोरडा ठणठणीत. मी त्यावर हात ठेवला, तर दगड गार होता पण ओल नव्हती. बाहेर जग वाहून चाललं होतं आणि आत हळू बोललेलंही ऐकू येत होतं.

वरच्या एका सपाटीवर अण्णा खाली बसले. कातळातल्या पन्हाळीत त्यांनी एक पान सोडलं. पान निघालं. ते त्याच्या बाजूने, बसल्या बसल्या, हात टेकत सरकू लागले. मी छत्री धरून मागे. पान घसरलं नाही की अडकलं नाही, चालणाऱ्या माणसाच्या वेगाने गेलं. ढाळ बघ, म्हणाले, पाणी पळतही नाही आणि बसतही नाही, पाणसळीशिवाय कसं जमवलं असेल. टाक्याच्या अलीकडे हातभर अंतरावर कातळात एक वाटीसारखा खळगा होता. पान तिथे येऊन थांबलं, गोल फिरलं, पुन्हा फिरलं, आणि मग काठावरून अलगद टाक्यात उतरलं.

अण्णांनी खळग्यात बोट घातलं. बोटाला बारीक काळी माती आली. ती त्यांनी मला दाखवली.

"हितं गाळ बसतो," ते म्हणाले. "पाण्याला दम खायला जागा ठेवलीया, सुनंदा. लई पाणी आलं तर घाईघाईनं आत सोडायचं न्हाई."

त्यांच्या चेहऱ्यावर, एका कारागिराने दुसऱ्याची चलाखी पकडल्यावर येतं तसं हसू होतं. दोन हजार वर्षांपूर्वीचा कुणी गवंडी त्यांना तिथे भेटला होता. मला मात्र दुसरंच कुणी आठवलं. बाळाराम काकांनी भाकरी मोडता मोडता हेच सांगितलं होतं. मी घड्याळ बघितलं. बारा वाजून दहा मिनिटं.

अण्णांना भंतेंपाशी बसवून मी वर पळत सुटले. तिथे फोनला रेंज नव्हती. निसरड्या पायऱ्यांवर दोनदा पडले. माथ्यावर रेंज आली आणि मी हिराबाईंचा नंबर लावला. खूप वेळ वाजला. मग त्यांनी उचलला, मागे भांड्यांचा आणि माणसांचा गलका होता.

मी माझं नाव सांगितलं. काकी, पाणी येईल, असं काहीतरी बोलू लागले.

"आयलं ना," त्या म्हणाल्या. "वट्यावर चढलंय. हे शेल्या सोडाला गेलेत, अजून नाय आले." आणि फोन बंद झाला. परत लावला, लागला नाही. पावसात उभी राहून मी तो सतरा-अठरा वेळा लावला.

परतीच्या वाटेवर सगळीकडे पाणी भरलं होतं आणि आमची मिनीबस ठाण्याच्या अलीकडे तीन तास उभी राहिली. मंडळी गाणी म्हणत होती, पुऱ्या खात होती. खिडकीशी बसून मी अण्णांना सगळं सांगितलं. नाला, टीप, शनिवारची संध्याकाळ. मला वाटलं होतं ते म्हणतील, तुझा काय दोष, वरच्यांनी ठरवलं. काचेवरची वाफ अण्णांनी बाहीने पुसली.

"उद्या जा," मग म्हणाले. "आदी त्यांच्या घरी. मग हापिसात."

सोमवारी गावात पोहोचले तेव्हा पाणी ओसरलं होतं आणि गाळ राहिला होता. चपला हातात घेऊन चालावं लागत होतं. प्रत्येक घराच्या भिंतीवर कमरेएवढ्या उंचीला तपकिरी रेघ होती, अगदी सरळ, जणू माझ्याच हाताने ओढलेली. लोकांनी गाद्या कुंपणावर वाळत घातल्या होत्या, आणि वरून पुन्हा रिमझिम चालू होती. हिराबाई घमेल्याने गाळ बाहेर काढत होत्या. काकांना पनवेलच्या दवाखान्यात नेलं होतं. शेळ्यांची दावी सोडताना पाण्याच्या लोटाने त्यांना ओढून नव्या मोरीच्या खांबावर आपटलं होतं. खुब्याचं हाड मोडलं होतं. पोरांनी दोर टाकून बाहेर काढलं म्हणून वाचले.

मी हिराबाईंना उंबऱ्यात उभी राहून सांगितलं की नाला अरुंद करायचा नकाशा मी काढला. काका म्हणाले होते ते मला ठाऊक होतं. पाणी येणार हेही मला शनिवारी ठाऊक होतं. त्या ऐकत राहिल्या. त्यांच्या कोपरापर्यंत चिखल होता. त्या रडतील, शिव्या देतील, हाकलतील, सगळ्याची मी तयारी करून आले होते. त्यांनी दुसरं घमेलं माझ्याकडे सरकवलं.

"पदर खोचा," एवढंच म्हणाल्या.

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघींनी गाळ काढला. त्यातून चमचे निघाले, एका पायातलं पैंजण निघालं, तांदळाची फुगलेली कणगी हाताने उपसावी लागली. भिजलेल्या तांदळाला आंबूस वास येत होता. तो वास नंतर कितीतरी दिवस माझ्या नखांत होता.

बुधवारी दवाखान्यात गेले. काका पाठीवर पडलेले, पायाला वजन बांधलेलं. हिराबाईंनी त्यांना सगळं सांगून ठेवलं होतं. मी स्टुलावर बसले. त्यांनी छताकडे बघतच विचारलं, "तुमी वहीत लिवलं होतं. मी बघितलंय. मंग त्या लिवल्याचं काय झालं?"

"मी ते काढून टाकलं," मी म्हटलं.

"बरं," ते म्हणाले. आणि मान वळवून हिराबाईंना विचारू लागले की पाचांतल्या किती शेळ्या सापडल्या. दोन सापडल्या होत्या.

त्यानंतरचं फारसं लांबवत नाही. गावाची सभा झाली, तिथे मी नकाशा भिंतीवर लावून कुठे काय चुकलंय ते सांगितलं आणि तसं लिहून, सही करून दिलं. लोक माझ्यावर ओरडले, ते बरोबरच होतं. सरांनी मला बोलावलं. आधी माझ्याकडे यायला हवं होतंत, ते म्हणाले. मी आले होते, मी म्हटलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांना आठवत होतं. दोन महिन्यांनी त्यांच्याच सहीने नवा प्रस्ताव गेला, आणि पुढच्या पावसाळ्याआधी ते दोन जादा भूखंड रद्द होऊन तिथे पाणी साठण्यासाठी एक मोठं उथळ तळं खोदलं गेलं. नाला सरळच राहिला. मला नोकरीवरून कुणी काढलं नाही. मीच सोडली. माउसवर हात ठेवला की सरळ रेघ ओढवेना; लोकांच्या घरांचे नकाशे हाती घेतले ते बऱ्याच महिन्यांनी.

बिनकामाच्या त्या हिवाळ्यात अण्णा आणि मी पुस्तकं वाचत बसायचो. वाचनालयातून आणून मी त्यांना वाचून दाखवायची. सांचीच्या टेकडीवर आणि आसपास पाणी अडवलेलं होतं. नालंदेला उन्हाळा आणि थंडी दोन्ही कडक, तिथल्या विटांच्या भिंती हातभर नाहीत, कित्येक हात जाड. चौकाच्या कडेने गटार, अंगणात विहीर. श्रीलंकेत अनुराधपुराला तर शहराआधी तलाव दिसतात, आणि तिथल्या भिक्खूंच्या स्नानकुंडांतही पाणी आधी लहान खळग्यांतून जाऊन गाळ खाली ठेवतं, मगच कुंडात येतं. हे वाचल्यावर अण्णा सरसावून बसले. तिथेही तोच गवंडी, म्हणाले. मी विचार करायची, या माणसांना सगळं सोडून जायचं शिकवलेलं होतं. घर नको, वस्तू नको, उद्याची साठवण नको. आणि नेमक्या त्यांच्या वस्त्यांत पावसाची, उन्हाची, गाळाची इतकी बारीक काळजी. आम्ही कायमचं राहायला आलेलो, सातबारा नि खरेदीखत घेऊन, आणि आम्हाला तीन तासांच्या पाण्याला जागा देववली नाही. अण्णांना मी हे बोलून दाखवलं. त्यांना ते फार आवडलं नाही. ते म्हणाले, त्यांच्यातही कुणीतरी चुकलं असणार, पहिलं टाकं गळलं असणार, तेव्हा कुठे पुढचं जमलं. अण्णा गेले त्याला आता दोन वर्षं झाली.

तळ्याला गावात 'मॅडमचा खड्डा' म्हणतात. वर्षातले साडेतीनशे दिवस तो कोरडा किंवा घोटाभर चिखलाचा असतो. बगळे येतात, पोरं क्रिकेट खेळतात. पहिल्या दोन पावसाळ्यांत त्याने गाव वाचवलं, तेव्हा त्याचं कौतुक झालं. मग लोक विसरले. एका कोपऱ्यात कुणी घराचा राडारोडा टाकला, मग दुसऱ्याने. काकांचा मुलगा मंगेश, दोर टाकून बापाला ओढणाऱ्यांत तो पहिला होता, त्याचे आता बंदराकडे चालणारे दोन ट्रेलर आहेत. ते उभे करायला गावात जागा नाही. त्याचं म्हणणं असं की दहा दिवसांच्या पाण्यासाठी एवढी जमीन पडून ठेवणं परवडत नाही, निम्मा खड्डा भरला तरी निम्मा उरतोच. मी त्याला खोटं कसं म्हणू? हाच हिशेब मी सव्वीस वर्षं कागदावर उतरवला आहे.

यंदाच्या श्रावणी पौर्णिमेला सकाळपासून पाऊस होता. अकरा वाजता मला घरात राहवेना. रिक्षा करून गावात गेले. गावात त्या दिवशी नारळी पौर्णिमा, घराघरांतून नारळीभाताचा वास येत होता, पोरींनी नव्या साड्या सावरत छत्र्या धरल्या होत्या. तळ्यावर पोहोचले तर उताराच्या तोंडाशी, जिथून गाड्या आत उतरतात तिथे, बाळाराम काका प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेले. काठी मांडीवर आडवी, डोक्यावर इरल्यासारखा प्लास्टिकचा कागद. त्यांच्यासमोर दहा हातांवर राडारोड्याने भरलेला डंपर घरघरत उभा होता आणि मंगेश त्यांच्याशी वाद घालत होता. हिराबाई बाजूला उभ्या होत्या. मला बघून त्या जवळच्या घरात गेल्या आणि आणखी एक खुर्ची घेऊन आल्या.

मंगेश माझ्याकडे वळला. दमलेला होता, ओलाचिंब. "मॅडम, तुमी शिकलेल्या हाव. सांगा बाबांना. आज टाकून घेतो, सगळा नाय, कोपराच. उद्या आजारी पडले तर परत मलाच धावाला लागंल."

डंपरवाला खिडकीतून बघत होता. हिराबाई बघत होत्या. काका मात्र खाडीकडे बघत होते. नाल्यातून मातकट पाणी तळ्यात शिरू लागलं होतं, कडेकडेने, आवाज न करता, सुक्या चिखलाच्या भेगा एकेक भरत. माझ्याजवळ आकडे होते, वाक्यं होती, मंगेशला पटेल असं बरंच सांगता आलं असतं. मी हिराबाईंच्या हातातून खुर्ची घेतली, काकांच्या खुर्चीला खेटून ठेवली आणि बसले.

उतार तिथे एवढा अरुंद आहे की दोन खुर्च्यांनी तो पुरता अडतो. मंगेश थोडा वेळ उभा राहिला. मग त्याने डंपरवाल्याला हाताने खूण केली आणि इंजिन बंद झालं. इतका वेळ त्या आवाजाखाली दबलेला पाऊस एकदम ऐकू येऊ लागला.

पाणी उताराशी आलं. काकांनी काठीने ते चाचपलं.

"पाय वर घे, बाय," ते म्हणाले. "खुर्चीखालून जाईल ते."

मी पाय वर घेतले.